मिनिकॉयचा वैशाख

वैशाख म्हटला की आपल्याला वणवाच आठवतो. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, देशावरच्या विहिरी तळ दाखवतात, कोकणात घामाने कपडे अंगाला चिकटतात आणि आगोटीच्या बेगमीची घाई सुरू होते. सगळ्यांचे कान एकाच बातमीकडे लागलेले असतात: पाऊस केरळात कधी पोचणार? ही बातमी जिथे तयार होते ती जागा मात्र केरळात नाही. ती केरळच्या पश्चिमेला, भर समुद्रात आहे. बातमी येण्याआधी सहा-सात आठवडे तिथे काय चाललेलं असतं, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

त्या समुद्रात लक्षद्वीपचं सगळ्यात दक्षिणेकडचं बेट आहे, मिनिकॉय. चंद्रकोरीसारखं वळलेलं, साधारण दहा किलोमीटर लांब, आणि क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरहूनही कमी. २०११च्या जनगणनेत इथे दहा हजारांवर माणसं होती. बेटाची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर वर आहे. डोंगर नाही, नदी नाही. उत्तरेला नऊ अंश खाडी मिनिकॉयला बाकीच्या लक्षद्वीपपासून तोडते, तर दक्षिणेला आठ अंश खाडीपलीकडे मालदीव सुरू होतं. एडनहून कोलंबोकडे जाणारी जहाजं याच वाटांनी जात. एवढं सखल बेट रात्री दिसायचं कसं? म्हणून १८८५ साली इथे दीपगृह उभं राहिलं, आणि आजही ते नारळांच्या शेंड्यांच्या वर दिसतं.

इथले लोक बेटाला मलिकु म्हणतात. त्यांची भाषा महल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीची बहीण. तिची लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे पाहताना ती फार परकी वाटते. कानाला मात्र ती तेवढी परकी लागत नाही, कारण दिवेही ही सिंहलीप्रमाणेच आपल्या मराठीच्या कुळातली आहे. तिथे मासळीला ‘मस’ म्हणतात. आपला ‘मासा’ आणि त्यांचा ‘मस’ एकाच मुळातून आले आहेत. हे नातं शब्दांपुरतं थांबत नाही, ते पावसाच्या पंचांगापर्यंत जातं. त्याकडे पुढे येऊच.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, १२ तारखेच्या सुमारास, भर दुपारी सूर्य मिनिकॉयच्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली नाहीशी होते. मुंबईला हा दिवस यायला मेचा मध्य उजाडतो. सूर्य डोक्यावर आणि आभाळ निरभ्र, म्हणजे बेट भाजून निघायला हवं. पण तापमापकात दुपारी साधारण ३२ अंश आणि पहाटे २६-२७ अंश. दिवस-रात्रीत पाच-सहा अंशांचाच फरक. नागपूरकराला हे आकडे वाचून हेवा वाटेल, तरी त्याने तिथे एक दुपार काढली तर मत बदलेल. वारा पडलेला, हवा ओलाव्याने जड, आणि घाम वाळायचं नाव घेत नाही. किनारपट्टीवर दुपारी जो खारा वारा सुटतो, तोही इथे नावापुरताच असतो. तो वारा सुटायला तापलेली मोठी जमीन लागते, आणि पाच चौरस किलोमीटर जमीन त्याला पुरी पडत नाही.

मग एवढं ऊन जातं कुठे? ते समुद्र पितो. एक घनमीटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तीन हजार घनमीटरांहून जास्त हवा एका अंशाने तापेल. म्हणूनच समुद्र हळूहळू तापतो आणि एकदा तापला की ती उष्णता लवकर सोडत नाही. मार्च-एप्रिलमध्ये लक्षद्वीपच्या आसपासचं पाणी दिवसेंदिवस तापत जातं, आणि एप्रिल-मेमध्ये त्याचा पृष्ठभाग ३० अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत हा जगातल्या सगळ्यात उबदार समुद्रांपैकी एक असतो. शास्त्रज्ञ त्याला अरबी समुद्रातला छोटा उष्ण तलाव म्हणतात. या तलावाला काठ नसतो, पण उपग्रहाच्या नकाशावर तो लाल डागासारखा वेगळा दिसतो आणि मिनिकॉय त्याच्याच आत असतं.

अरबी समुद्र एवढा मोठा असताना नेमकं इथलंच पाणी जास्त का तापतं? ऊन आणि पडलेला वारा ही कारणं आहेतच. वारा नसला की लाटा नसतात, आणि लाटा नसल्या की वरचं ऊन पाणी खालच्या गार पाण्यात मिसळत नाही. पण हे तर आजूबाजूलाही घडतं. खरी मेख आहे ती मिठात, आणि तिचा धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो.

पावसाळ्यात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा या साऱ्या नद्या आपलं पाणी बंगालच्या उपसागरात ओततात. शिवाय त्या उपसागरावर पाऊसही भरपूर पडतो. त्यामुळे तिथलं वरचं पाणी कमी खारट आणि म्हणून हलकं असतं. पावसाळा सरला की भारताच्या पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे प्रवाह वाहू लागतो. नोव्हेंबर ते जानेवारीत तो श्रीलंकेला वळसा घालतो आणि हे हलकं पाणी पश्चिमेला, लक्षद्वीपच्या समुद्रात आणून सोडतो. ते जड खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं पसरतं आणि उन्हाळ्यात अडसराचं काम करतं. सूर्याची उष्णता त्या पातळ थरातच कोंडून राहते, आणि खालचं गार पाणी सहजासहजी वर येऊ शकत नाही. त्या पाण्यात सगळ्यात मोठा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेचा आहे, हे खरं. तरी त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात पडलेल्या आणि नांदेडवरून वाहत गेलेल्या पावसाचाही थोडा अंश त्यात असतोच. गेल्या वर्षीचा पाऊस पुढच्या वर्षीच्या पावसासाठी समुद्राची मशागत करून ठेवतो. भूगोलात मी जे काही शिकलो, त्यात याहून सुंदर गोष्ट मला सापडलेली नाही.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. जानेवारीच्या सुमारास लक्षद्वीपच्या भागात समुद्राची पातळी थोडी फुगते आणि पाणी मोठ्या भोवऱ्यासारखं घड्याळाच्या दिशेने फिरू लागतं. हा फुगवटा नुसत्या डोळ्यांना कधीच दिसणार नाही. पण त्याच्याखाली ऊन आणि गार पाण्यामधली सीमा बरीच खोल ढकलली जाते, म्हणून वरच्या उबेला खालून गारवा लागत नाही. याला लक्षद्वीप हाय असं नाव आहे. तो कसा जन्मतो, याचा उलगडा गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी १९९७ साली केला. बंगालच्या उपसागरातून किनाऱ्याला धरून येणाऱ्या समुद्रपोटातल्या प्रचंड लाटा भारताच्या टोकाला वळसा घालतात, तिथून पश्चिमेकडे पसरतात, आणि जाता जाता पाण्याचा हा उंचवटा उभा करतात. म्हणजे मीठही पूर्वेकडून ठरतं आणि उंचवटाही. अरबी समुद्राच्या या कोपऱ्याचा उन्हाळा अर्धाअधिक बंगालच्या उपसागरात घडतो.

वरून मात्र काहीच दिसत नाही. एप्रिलचा समुद्र तेलासारखा संथ असतो. बेटाच्या पश्चिमेला प्रवाळकड्याने अडवलेलं उथळ लगून आहे, आणि त्यातलं पाणी इतकं नितळ की तळाची वाळू मोजावी. भरती-ओहोटीचा फरक मीटरभराच्या आसपास. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी पाच मीटरांपर्यंत चढतं, त्यामुळे आपल्याकडच्या कोळ्याला इथला समुद्र झोपल्यासारखाच वाटेल.

पण झोपलेला समुद्रही कधी कधी अंगावर येतो. एप्रिल-मेमध्ये एखाद्या दिवशी वारा नाही, ढग नाही, आणि तरी अचानक लांबच लांब लाटा किनाऱ्यावर आदळू लागतात. केरळचे मच्छीमार याला कळ्ळक्कडल म्हणतात. कळ्ळ म्हणजे चोर आणि कडल म्हणजे समुद्र, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. या लाटांचं मूळ असतं हजारो किलोमीटर दक्षिणेला. तिकडे तेव्हा हिवाळा सुरू होत असतो, वादळं घोंगावत असतात, आणि त्यांनी उठवलेल्या लाटा हिंदी महासागर ओलांडून काही दिवसांनी इथे पोचतात. एका लाटेपासून दुसरी लाट यायला पंधरा-वीस सेकंद लागतात, पण तिच्यामागे पाण्याचं ओझं फार असतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आता याची आगाऊ सूचना देते. दोन-तीन मीटर उंचीच्या बेटावर राहणाऱ्याला या सूचनेची किंमत किती, हे वेगळं सांगायला नको.

बेटावर पाणी कुठून येतं, हा प्रश्न उन्हाळ्यातच टोकाला जातो. नदी नाही, तलाव नाही. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. गोड्या पाण्याचं हे भिंग वरून सपाट आणि खालून फुगीर असतं. समुद्रसपाटीच्या वर हातभर गोडं पाणी असेल, तर खाली त्याच्या चाळीसपट खोलीपर्यंत ते टिकू शकतं, असा हिशोब आहे. पण तो हिशोब उलटाही लागू होतो. वरची पातळी थोडी जरी उतरली, तरी खालून खारं पाणी चाळीसपट वर सरकतं. वैशाखात हे भिंग सगळ्यात पातळ झालेलं असतं. विहिरीचं पाणी भरतीबरोबर वर येतं, ओहोटीबरोबर खाली जातं, आणि उपसा जास्त झाला की मचूळ लागतं.

यावर जो उपाय निघाला, तो याच उन्हाळी समुद्रातून. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली कवरत्तीला आणि २०११ साली मिनिकॉय व अगत्तीला पाणी गोडं करण्याचे प्रकल्प उभारले. तत्त्व स्वयंपाकघरातल्या झाकणावर जमणाऱ्या थेंबांचंच आहे. वरचं ऊन पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडलं की त्याची चटकन वाफ होते. मग साडेतीनशे-चारशे मीटर खोलीवरून लांब नळाने ओढलेल्या गार पाण्याने त्या वाफेचं पुन्हा पाणी करायचं. हे खोलीवरचं पाणी साधारण १२ अंशांचं असतं. वाफेत मीठ नसतं, त्यामुळे हाती येतं ते पिण्याचं पाणी, दिवसाला सुमारे एक लाख लिटर. हे शक्य होतं कारण बेटाचा कडा समुद्रात सरळ खाली उतरतो आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरच तेवढी खोली मिळते. कोकणचा समुद्र इतका उथळ आहे की ही युक्ती तिथे चालणार नाही.

आता मासळीकडे येऊ. मिनिकॉयचं जगणं कुप्यावर उभं आहे. इंग्रजीत ज्याला ट्यूना म्हणतात त्यातली काळ्या पट्ट्यांची एक जात, तिथलं नाव कळुबिलमस. पद्धत जुनी आणि फार नेटकी आहे. पहाटे लगूनमध्ये बोटभर लांबीची जिवंत मासळी पकडायची, होडीच्या पोटातच खेळत्या समुद्रपाण्यात ती जिवंत ठेवायची, आणि बाहेर कुप्यांचा थवा दिसला की मुठीमुठीने ती पाण्यात टाकायची. कुपे खवळून वर येतात, मग गळकाठीने एकेक मासा उचलून होडीत. जाळं नाही, त्यामुळे कासव-डॉल्फिन अडकत नाहीत. समुद्र ओरबाडून न घेता मासे कसे मारावेत याचा धडा कुणाला हवा असेल, तर त्याने मिनिकॉयला जावं, असं मी मनापासून म्हणेन. पकडलेला कुपा उकडून, धूर देऊन, उन्हात वाळवला की लाकडासारखा कठीण होतो आणि महिनोन् महिने टिकतो. त्याला मासमिन म्हणतात. वैशाखातलं बिनपावसाचं ऊन त्याच्यासाठी मोलाचं. पाऊस आला की वाळवण संपलं, आणि थोड्याच दिवसांत मासेमारीही थांबते.

ते दिवस कसे ओळखायचे? मालदीव आणि मिनिकॉयच्या दर्यावर्दींकडे यासाठी नकय नावाचं पंचांग आहे. वर्षाचे २७ भाग, प्रत्येक १३-१४ दिवसांचा. त्यांची नावं ऐका: अस्सिद, बुरुनु, केति, रोआनु, मियहेलिय, अद. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा! आपला शेतकरी ज्या नक्षत्रांवर पेरणीचा हिशोब बांधतो, त्याच नक्षत्रांवर तिकडचा मच्छीमार होडीचा हिशोब बांधतो. अस्सिद ८ एप्रिलला लागतं आणि तिथून हुळंगु, म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्याचा मोसम धरला जातो. केतीत, मेच्या मध्याच्या सुमारास, काळे ढग आणि सरी. रोआनु २० मेला सुरू होतं, आणि त्यात वारा जोराचा, समुद्र खवळलेला, विजा. मियहेलिय जूनच्या सुरुवातीला, वादळी पावसाचं. आपल्याकडे रोहिणी २५ मेच्या सुमारास निघतात आणि ७-८ जूनला मिरग लागतो. म्हणजे तारखांत चार-पाच दिवसांचाच फरक. शिवाय तिकडची रोहिणी आधीच भिजवते, आपली फक्त आशा लावते. पाऊस दक्षिणेकडून चढत येतो, तेव्हा हा क्रम असाच असायला हवा.

मेच्या मध्यावर समुद्राचा रंग बदलतो. साधारण १५ मेपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शिडाच्या यांत्रिक होड्यांची लक्षद्वीपमधली ये-जा बंद असते. आपल्याकडे होड्या शाकारून किनाऱ्यावर चढवतात, तसंच तिकडेही. याच दिवसांत उष्ण तलावाची दुसरी बाजू दिसू शकते. १४ मे २०२१ रोजी लक्षद्वीपच्या समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला आणि त्याचं तौक्ते वादळ बनलं. तीन दिवसांत ते कोकणाला घासून, आंब्याच्या बागा झोपवून गुजरातेत घुसलं, आणि मुंबईजवळच्या समुद्रात तराफा बुडून अनेकांचे जीव गेले. पाण्यात साठलेली ऊब पाऊसही देते आणि वादळाला बळही.

या उबेचा मार सगळ्यात आधी प्रवाळांना बसतो. मिनिकॉय हे बेटच प्रवाळांनी बांधलेलं आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, तीच त्याला अन्न आणि रंग देतात. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखादाच अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ ती शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या उन्हाळ्यांत लक्षद्वीपची प्रवाळं अशी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. दोन घटनांमधलं अंतर कमी होत चाललं, तर त्यांना सावरायला वेळ उरत नाही. आणि प्रवाळ मेला की लाटा अडवणारा कडा झिजू लागतो. पावसासाठी आपल्याला समुद्र तापलेला हवा आहे. पण किती, याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा प्रवाळ आपल्याला दाखवून देत आहेत.

समुद्र एप्रिलपासूनच तापलेला, तर पाऊस मेच्या शेवटापर्यंत का थांबतो? १९८४ साली सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की समुद्राचं पाणी २८ अंशांच्या पुढे गेलं की त्यावर उंच ढग उभे राहण्याची शक्यता एकदम वाढते. पण तेवढं पुरेसं नसतं. पाणी तापलेलं असूनही आभाळ कोरडं राहू शकतं. चूल पेटलेली आहे, पण तिला फुंकर हवी. ती फुंकर विषुववृत्त ओलांडून, आफ्रिकेच्या किनाऱ्याने वळून येणारे पश्चिमेचे वारे घालतात. त्यामुळे उष्ण तलाव पाऊस आणतोच असं म्हणणं घाईचं ठरेल. तो पावसासाठी जागा तयार ठेवतो, हे अधिक बरोबर.

हे वारे आले हे कळतं कसं? मिनिकॉयच्या हवामान केंद्रातून रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास फुगा सोडला जातो. त्याच्या खाली टांगलेलं छोटं यंत्र वर जाता जाता उष्णता, ओलावा आणि वारा कळवत राहतं. वारा नुसता समुद्रालगत पश्चिमेचा असून भागत नाही. तो सव्वाचार किलोमीटर उंचीपर्यंत पश्चिमेचाच असायला हवा, आणि खालच्या थरात त्याचा वेग १५ ते २० नॉट असायला हवा. शिवाय उपग्रहाला तिथून अवकाशात जाणारी उष्णता ठरावीक आकड्याखाली घसरलेली दिसली पाहिजे, म्हणजे आभाळ उंच ढगांनी भरलेलं आहे असं समजायचं. ही उष्णता मोजायचा चौकोन आहे ५ ते १० अंश उत्तर अक्षांश आणि ७० ते ७५ अंश पूर्व रेखांश. मिनिकॉय ८ अंशांच्या थोडं वर आणि ७३ अंशांवर आहे, म्हणजे चौकोनाच्या पोटात.

वारे बसले की तलावाची गोष्ट झपाट्याने संपते. ढगांनी ऊन अडतं, वाऱ्याने बाष्पीभवन वाढतं, लाटा खालचं गार पाणी वर घुसळतात, आणि एप्रिलभर जमवलेली ऊब बाष्प होऊन पूर्वेला निघते. मिनिकॉयवर वर्षाकाठी सुमारे १,६०० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीला पावसाळ्याच्या चार महिन्यांतच त्याच्या जवळजवळ दुप्पट. ढगांना अडवून वर चढवणारा सह्याद्री बेटावर नाही, म्हणून बरंचसं बाष्प बेटाच्या डोक्यावरून पुढे आपल्याकडे येतं. बेटाच्या वाट्याला जे येतं, त्याने वाळूखालचं गोड्या पाण्याचं भिंग पुन्हा भरतं.

२०२५ साली हे सगळं लवकर जुळून आलं. २४ मे रोजी मान्सून केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. एरवी या तारखा १ जून आणि ११ जूनच्या असतात. केरळात पाऊस आला असं जाहीर करण्यासाठी हवामान खातं १० मेनंतर चौदा ठिकाणचा पाऊस तपासतं. त्यातल्या किमान ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला पाहिजे. त्या चौदा नावांची यादी तिरुअनंतपुरम किंवा कोचीपासून सुरू होत नाही. तिच्यात पहिलं नाव मिनिकॉयचं असतं.